ओव्याच्या तेलाचा दिवा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे नातीला तेल लावणं. लावत बायको होती. माझ्या हातात वाटी होती, बस.

थंडीचे दिवस होते. रायपूरची थंडी काही मोठी नसते, पण सकाळी मागच्या अंगणात फरशीवर पाय ठेववत नाही. ऊन भिंतीवरून उतरून तुळशीपाशी आलं की बायको पाट मांडायची, पाय लांब करून बसायची आणि नातीला आपल्या दोन्ही नडग्यांच्या मधे पालथं घालायची. तेल कोमट करून आणणं माझ्याकडे. गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, गरम पाणी घ्यायचं, त्यात पितळेची वाटी ठेवायची आणि बोट बुडवून पाहायचं. तेल तिळाचं, ओवा घालून कढवलेलं, गाळून बाटलीत भरलेलं. ते तीच करायची. कोमट करणं एवढंच माझं, आणि तेही मला धड जमत नाही असं तिचं म्हणणं.

त्या दिवशी तिनं हाताच्या पालथ्या बाजूवर थेंब टाकून पाहिला आणि वाटी खाली ठेवली.

"अवो, लेकराले लावाचं आहे. भजे नाही तळाचे."

"तितकं काही गरम नाही."

"तुमच्या हाताले काय कळते? ते हात आहेत का घोंगडी?"

तिचं चुकीचं नव्हतं. सारी उमर मी पंडरीच्या बाजारात कपड्याच्या ठोक दुकानात थान उलगडले आणि गुंडाळले. कोरा कपडा हाताची सारी ओल पिऊन टाकतो. माझे तळवे गोणपाटासारखे झाले आहेत, म्हणून नातीच्या उघड्या अंगाला हात लावायची मला बंदी होती. उचलायची तर मलमलीत गुंडाळून. मलमल मात्र मी निवडून आणली होती, आणि त्याबद्दल बायको कधी काही बोलली नाही. ती कशाबद्दल काही बोलली नाही म्हणजे ते चांगलं झालं असं समजायचं.

तेल निवेपर्यंत आम्ही बसलो. नात मान उचलून तुळशीकडे पाहत होती आणि बायकोच्या पायावर लाळ गाळत होती. मग बायकोनं सुरू केलं. खांद्यापासून दोन्ही हात पाठीवरून खाली आणायचे, कंबरेपाशी वळवायचे, परत वर. जोर नाही. नाकात-कानात तेल घालू नका असं डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं. बायकोनं ते घालणं सोडलं, पण मनातून नाही सोडलं. रोज एकदा म्हणायचीच, "दोन थेंब टाकले असते तर नाक वाहलं नसतं."

मुलगी उंबऱ्यावर बसली होती. मांडीवर टॉवेल घेऊन. तिनं टॉवेल धरून बसणं ही आमच्या घरात त्या दिवसांत मोठी गोष्ट होती. काहून मोठी, ते सांगतो.

आम्हाला ही एकच मुलगी. लग्नानंतर बरीच वर्षं तिला लेकरू नव्हतं. झालं ते पोट चिरून झालं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आमच्याकडे आली. जावई दूर नोकरीला. सव्वा महिना झाल्यावर जायची होती, पण जायच्या हालतीत नव्हती. दूध पाजायची ते भिंतीकडे तोंड करून. पाजून झालं की लेकराला बाजूला सरकवायची, जेवण झाल्यावर ताट सरकवतात तसं. लेकरू रडलं की आईला हाक मारायची. स्वतः रडायची तेव्हा आवाज नव्हता. एकदा मी पाणी द्यायला गेलो तर म्हणाली, "बाबा, ये मेरी है, ऐसा लगता ही नहीं. किसी और की है, मैं संभाल रही हूँ."

आमची मुलगी मराठी सारी समजते, उत्तर हिंदीत देते. इथं वाढलेल्या पोट्ट्यांचं तसंच आहे. मी गिलास ठेवला आणि बाहेर आलो. बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिनं निवडलेली भाजी आणि टाकायचे देठ एकत्र केले आणि पुन्हा पहिल्यापासून निवडायला बसली.

मग आम्ही तिला शंकर नगरला एका डॉक्टरीणबाईकडे नेलं. बाई तरुण होती, पण घाई करणारी नव्हती. तिनं मुलीला विचारलं, मग मुलीला बाहेर बसवून आम्हाला सांगितलं. "आपकी बेटी बुरी माँ नहीं है. बीमार है. जचकी के बाद हार्मोन एकदम नीचे आ जाते हैं, किसी-किसी का मन उसी में डूब जाता है." गोळ्या दिल्या. गोळ्यांना वेळ लागेल, मधेच सोडायच्या नाहीत, पुन्हा दाखवायला आणायचं, असं बजावलं. मग म्हणाली की लेकराला अंगाशी धरलं, पाजलं, मालिश केली, तर त्यातून एक हार्मोन तयार होतो, आईतही आणि लेकरातही. त्यानं एकमेकांची ओढ लागते. जबरदस्ती करू नका, पण लेकराचं काम थोडं-थोडं तिच्या हातात द्या. मालिश कोण करतं?

"मी करते," बायको म्हणाली. ती हे शाबासकी मिळेल म्हणून बोलली होती.

"बहुत अच्छा," बाई म्हणाली. "अब बेटी को भी करने दीजिए."

येताना ई-रिक्षात बायको माझ्याशी बोलली नाही. मुलगी पुढं तोंड करून बसली होती, लेकरू बायकोकडे. घरी आल्यावर स्वयंपाकघरात भांडी आपटत ती म्हणाली, "माह्या हातात काय खराबी आहे? बाळंतिणीनं निजावं, खावं, पाजावं. बाकी घरच्यांनी करावं. माह्या आईनं नाही केलं? आमच्या वेळी नव्हते हे हार्मोन-बिर्मोन."

"असतील न. आपल्याले नाव माहीत नव्हतं."

"तुम्ही लय डॉक्टर झाले."

ती काही वाईट बोलत नव्हती. आमच्याकडे तीच रीत आहे. बाळंतिणीला गार पाण्यात हात घालू द्यायचा नाही, वाकू द्यायचं नाही, डिंकाचे लाडू द्यायचे, आणि लेकराचं नहाण-तेल-धुरी सारं आजीनं करायचं. ज्या घरात हे होत नाही त्या घराला लोक नावं ठेवतात. बायकोनं मुलीसाठी जीव तोडून सारं केलं. इतकं केलं की मुलीच्या हाताला लेकराचं काहीच उरलं नाही. पाजणं तेवढं उरलं, कारण ते दुसऱ्याला करता येत नाही.

दोन-तीन दिवस ती घुश्शात होती. मग एका दुपारी मलमलीच्या घड्या घालता घालता आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "हिच्या पाठीवर तीळ आहे न, खांद्याच्या खाली."

"कोणाच्या?"

"आपल्या पोरीच्या. हे झाली तेव्हा माह्या आईनंच तेल लावलं सारं. मी बाजेवर पडून. एक दिवस आईले गावाले जावं लागलं, तर मले लावा लागलं एकटीले. लय भेव वाटलं. मोडते का काय पोरगी. तवा पाह्यला मी तो तीळ. इतके दिवस माह्याच कुशीत निजून राहिली होती, अन मले माहीत नव्हता." घडी तिनं नीट केली. "त्या दिवशी मले वाटलं, हे माही आहे."

तिनं दुसरी मलमल उचलली. ती म्हणाली, "माहा जीव नाही होत हो सोडाले. सकाळी ते लेकरू माह्या पायावर आलं की मले बरं वाटते. म्हाताऱ्या माणसाच्या अंगाले कोण हात लावते?"

हे तिनं मला ऐकवलं असेल. मी ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून ती तेल लावताना मुलीला बाहेर बोलवायला लागली. आधी ती आलीच नाही. मग दारात उभी राहिली. एकदा बायकोनं तिचा हात धरून लेकराच्या पाठीवर ठेवला आणि वरून आपला ठेवला. "काही करू नको. नुसता ठेव." मुलीनं ठेवला आणि चटका बसल्यासारखा ओढून घेतला. बायको रागावली नाही. आयुष्यभर माझ्यावर रागावणारी बाई त्या दिवसांत मुलीवर एकदाही रागावली नाही. मग ती उंबऱ्यावर बसायला लागली, आणि त्या सकाळी न सांगता टॉवेल घेऊन बसली.

तेल लावून झालं. बायकोनं लेकराला उचलून तिच्या टॉवेलात दिलं आणि म्हणाली, "उद्या तू बसजो पाटावर. मी बाजूले बसीन."

"मुझसे गिर जाएगी, आई."

"पायावरून कुठं पडते? पाय का झाडाची फांदी आहे?"

मुलगी थोडी हसली. गालातल्या गालात, पण हसली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर तिनं हसणं आवरलं असतं. ती म्हणाली, "देखते हैं." बायकोला तेवढं पुष्कळ झालं. मला म्हणाली, "उद्या तेल बरोबर कोमट करजा. पोरगी नवीन आहे, तिले माह्यासारखं थांबता येणार नाही."

दुपारी जेवण झालं. वाळलेल्या मलमली तिनं आत आणल्या, घड्या घातल्या आणि जरा पाठ टेकते म्हणाली. चहाच्या वेळी मी उठवायला गेलो तर उठली नाही. ती रोज माझ्या आधी उठायची. शेजाऱ्याच्या गाडीत घालून नेलं, पण नेण्यासारखं काही राहिलं नव्हतं. झोपेतच हृदय बंद पडलं म्हणाले.

त्याच रात्री सारं आटोपलं, दूरच्या जावयासाठी थांबता आलं नाही. हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बाया म्हणाल्या, "सवाष्ण गेली, भाग्याची होती." भाग्य म्हणतात याला. तिला तिचं भाग्य मिळालं, माझं काय ते कोणी बोललं नाही. मुलगा नाही म्हणून अग्नी मीच दिला. ज्यानं अग्नी दिला त्यानं आमच्याकडे वेगळं बसायचं असतं. खाली चटईवर, कोपऱ्यात. त्यानं कोणाला शिवायचं नाही, कोणी त्याला शिवायचं नाही. माझ्या मोठ्या बहिणीनं मला चटई टाकून दिली आणि जिथं बायकोला ठेवलं होतं तिथं पिठावर दिवा लावला.

थोड्या वेळानं मला ओव्याचा वास आला. आधी वाटलं, डोकं फिरलं. रोज सकाळचा, नाकाला सवय असलेला वास, आणि तो दिव्यातून येत होता. ताईला दुसरं तेल सापडलं नसेल. तिनं लेकराच्या बाटलीतलं ओतलं होतं. दिवा जळत होता आणि घराला नातीच्या अंगाचा वास येत होता. आतल्या खोलीत मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती, लेकरू बाजूला. बायका तिला म्हणत होत्या, "रो ले बेटी, रो ले." ती रडत नव्हती.

सकाळी ताईनं सांगून टाकलं, "आज लेकराले तेल नाही लावाचं. सुतक आहे. ओल्या कपड्यानं पुसून घ्या."

"लेकराले कायचं सुतक, ताई?"

"घरात आहे न ते. दहा दिवसांनी काही बिघडत नाही. आई गेली तेव्हा तुह्या बायकोनंच मले डोक्याले तेल लावू दिलं नव्हतं. आठवते का?"

आठवत होतं. ताईचे केस सुतळीसारखे झाले होते आणि बायको म्हणाली होती, रीत म्हणजे रीत. ती असती तर आजही तिनं मला तेच ऐकवलं असतं. पण आदल्या सकाळी तिनंच म्हटलं होतं, उद्या तू बसजो. दोन्ही बोलणी तिचीच. दोन्ही ऐकता येत नव्हती. मी चटईवर बसून बराच वेळ हेच पाहत होतो की आता कोणतं ऐकायचं. विचारायला ती नव्हती.

मग ऊन तुळशीपाशी आलं आणि नात रडायला लागली. भुकेचं रडणं नव्हतं, पाजून झालं होतं. तिची वेळ झाली होती. मुलीनं तिला थोपटलं नाही, कोणाला हाकही मारली नाही. हाक मारायची सवय ज्या नावाची होती ते नाव आता घेता येत नव्हतं. ती नुसती बसून राहिली, लेकराकडे न पाहता. मला भीती वाटली. आईनं तिला उंबऱ्यापर्यंत आणलं होतं. आता दहा दिवस हे असंच सुटलं तर ती पुन्हा भिंतीकडे जाईल, आणि मग तिला तिथून आणायला या घरात कोणी नाही.

मी उठलो.

"कुठी चालला?" ताई म्हणाली.

"गॅस पेटवाले."

"आज घरात चूल पेटत नाही, बाबू. शेजारून चहा येऊन राहिला."

"मले चहा नाही पाहिजे. दिव्यात कोणतं तेल घातलं तू?"

"बाटलीतलं. तेच होतं."

"ते लेकराचं आहे. मेलेलीले चालते, तर जितीले काहून नाही चालत?"

मी गंजात पाणी तापवलं, बाटलीत उरलं होतं ते वाटीत ओतलं, वाटी पाण्यात ठेवली. हाताच्या पालथ्या बाजूवर थेंब टाकला. मला कळेना. वाटी अजून थोडा वेळ पाण्याबाहेर धरली. मग पाट अंगणात नेऊन उन्हात मांडला आणि वाटी त्याच्याजवळ जमिनीवर ठेवली.

दारात जाऊन मुलीला म्हटलं, "ये. लेकराले घेऊन ये."

"बाबा, आप लगा दो."

"मले शिवता येत नाही. मी अग्नी दिला आहे."

तेल गरम करून एक रीत मी मोडलीच होती. दुसरी मोडायला मला काही जड नव्हतं. पण ती मी मोडली नाही. मी हात लावला असता तर मुलगी टॉवेल घेऊन उंबऱ्यावरच बसली असती, आणि उद्याही तिथंच बसली असती. ताई म्हणायला लागली, "माहे गुडघे वाकत नाही, पण मी..." मी तिच्याकडे पाहिलं. ती थांबली. डोक्यावरचा पदर सारखा करून ती दिव्यापाशी जाऊन बसली.

मुलगी आली. लेकराला तिनं टोकाला धरलं होतं, ओला कपडा धरतात तसं. पाटावर बसून पाय लांब केले. लेकरू पायावर घातलं तर ते वाकडं पडलं आणि जास्तच रडायला लागलं.

"रो रही है, बाबा."

"रडू दे. तू लाव."

"आई कैसे करती थी?"

"मी रोज वाटीच पाहत होतो. उंबऱ्यावरून तू पाहत होती."

तिनं बोटं बुडवली. मी परत चटईवर जाऊन बसलो. तिथून अंगणाचं दार दिसतं, पाट अर्धा दिसतो. तिची पाठ दिसत होती आणि लेकराचे दोन तळवे. हात खांद्यापासून खाली येत होते, अडखळत. कंबरेपाशी वळायला विसरत होते. लेकरू रडतच होतं. मग मुलीची पाठ हलायला लागली. आई गेल्यापासून पहिल्यांदा ती रडत होती, आवाज करून. हात तिनं काढला नाही. लेकराच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून ती तशीच रडत बसली आणि दोघींचं रडणं एकमेकींत मिसळलं. ताई उठायला लागली तर मी हातानं बस म्हटलं.

कोणाचं आधी थांबलं ते मला कळलं नाही. बऱ्याच वेळानं तिनं नाक बाहीला पुसलं आणि वळून न पाहता म्हणाली, "बाबा, तेल ठंडा हो गया."

मी उठलो. तिला न शिवता जमिनीवरची वाटी उचलली, आत नेऊन पुन्हा पाण्यात ठेवली, बाहेर काढली, हातावर थेंब टाकून पाहिला आणि परत नेऊन तिच्याजवळ ठेवली.